वाऱ्याच्या बाजूचे गुलाब

काकूंनी फावड्याची कड बुंध्यापासून हातभर अंतरावर टेकवली, तिच्यावर बूट ठेवला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. जमीन करकरली आणि मग फावडं आत शिरलं. माती अजून वरवरच गोठली होती. ढेकूळ उचलून त्यांनी यंदा लावलेल्या कोवळ्या झुडपाच्या मुळाशी आपटलं आणि टाचेनं दाबून बसवलं.

फाटकाशी गाडी थांबल्याचं त्यांनी ऐकलं होतं. गाडीचं दार लागल्याचंही. त्यांनी मान वर केली नाही.

"आई."

"पायरीवरच थांब. पुढे निसरडं आहे," त्या म्हणाल्या. "तसले बूट घालून कुणी येतं का इकडे?"

मुलगा पायरीवर थांबला. तीन हिवाळ्यांनंतर तो आला होता. केस विरळ झाले होते, कोट महागाचा होता आणि थंडीनं नाक लाल झालं होतं. समोरच्या घरातला पडदा हलला. उद्या सकाळपर्यंत गावभर होणार, हे काकूंना ठाऊक होतं. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडेपर्यंत त्यांनी तिथंच नोकरी केली होती. बातमी किती वेगानं पळते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? अजूनही सगळे त्यांना एक्स्चेंजच्या काकूच म्हणत.

गाव पठारावर होतं. वाऱ्याला अडवायला एक झाड नाही की टेकडी नाही. अर्धं वर्ष जमीन दगडासारखी असे. लोक भिंतीच्या आडोशाला कांदे-बटाटे लावत, आणि फुलं म्हणाल तर खिडकीत प्लास्टिकची. काकूंनी मात्र गुलाब लावले होते, तेही कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, थेट वाऱ्याच्या तोंडावर. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी टपालवाल्यानं विचारलं, "काकू, वाऱ्याशी काय भांडण आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या होत्या. "आणि सुरुवात त्यानं केली."

मुलानं हात कोटाच्या खिशात घातले. "मागच्या हिवाळ्यात तुला न्यूमोनिया झाला. मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं."

"तुला कळवून काय करणार होते? खोकला तिकडे पाठवणार होते?"

"आई, मी चेष्टा करायला आलो नाहीये. तुला न्यायला आलोय. घर विकून टाकू. तिकडे तुझ्यासाठी खोली ठेवलीय, दिवसभर ऊन येतं तिथं."

काकूंनी पुढचं ढेकूळ उचललं. "आणि ती?"

ती म्हणजे त्यांची सून. मुलगा दुसरीसोबत शहरात राहायला गेला, रीतसर घटस्फोट झाला, पण सून इथंच राहिली. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ती फिटर होती. मागच्या हिवाळ्यात, रस्ते बंद असताना, काकूंना घोंगडीत गुंडाळून हातगाडीवरून दवाखान्यात तिनंच नेलं होतं.

"कमावती आहे ती. तिचं ती बघेल. किती दिवस माझ्या आईच्या घरात राहणार?"

"तुझ्या आईच्या," काकू म्हणाल्या.

वारा वाढला. जुन्या झुडपांवर उरलेली गुलाबाची लाल फळं हलू लागली. मुलगा थोडा वेळ पायांची चुळबुळ करत राहिला, मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आमची पोरगी बोलायला लागलीय. तुझ्या फोटोला आजी म्हणते."

फावडं थांबलं.

"कुठल्या फोटोला?"

"तो एक्स्चेंजमधला. कानाला हेडफोन लावलेला."

"त्यात मी चाळिशीतली आहे. खरी आजी बघून भोकाड पसरेल ती."

मुलगा हसला. काकूही हसल्या. मग त्यांनी हातमोजा काढला, मनगटानं नाक पुसलं आणि मोजा पुन्हा चढवायला उगाचच बराच वेळ घेतला.

सून आली तेव्हा दोघंही तशीच उभी होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कपाळाला ग्रीसचा पट्टा. फाटकात ती क्षणभर थबकली.

"आलास?" ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मुलाच्या भुवया किंचित वर गेल्या. काकूंनी खाली वाकून एक खडा वेचला आणि लांब फेकला.

स्वयंपाकघरात सुनेनं चहा टाकला. तिघं टेबलाशी बसली. मुलगा बोलत राहिला, वाईट असं काहीच बोलला नाही. घर जुनं झालंय, छप्पर किती टिकेल सांगता येत नाही, आईचं वय झालंय. मग सुनेकडे वळून तो म्हणाला, "तुलाही काही कमी पडू देणार नाही मी. घाई नाही. उन्हाळ्यापर्यंत राहा हवं तर."

सून कपातल्या चहाकडे पाहत राहिली.

काकूंनी कप खाली ठेवला. "उन्हाळ्यापर्यंत राहा, हे माझ्या घरात मी सांगायचं. तू नाही."

"आई, मी फक्त..."

"ऐकून घे. घर मी विकणार नाही. मी येणार नाही. आणि हिला कुणी जा म्हणणार नाही."

"म्हणजे मुलापेक्षा सून मोठी?"

"मापं काढू नकोस. तू माझा मुलगा आहेस, त्यात काही बदलत नाही."

"मग कशासाठी हट्ट? त्या काटेरी झुडपांसाठी?" त्यानं खिडकीकडे हात केला. "बाबांचे गुलाब तरी गुलाबासारखे होते. केवढी फुलं यायची!"

"यायची. बाहेरून मागवलेली कलमं होती ती, दुसऱ्याच्या मुळावर डोळा भरलेली. दर हिवाळ्यात गोणपाट, पेंढा, वर लाकडी पेट्या. तुझ्या बाबांनी तुझ्या अंगावर पांघरूण घातलं नसेल इतकं त्यांच्यावर घातलं. तरी निम्मी मरायचीच. आणि खालून जे फुटायचं ते भलतंच, त्या मुळाचं, रानटी. बाबा गेल्यावर मी ती सगळी उपटली." काकूंचा आवाज चढला नव्हता. "ही झुडपं मी गावाबाहेरच्या जुन्या वजनकाट्याजवळून आणली. तिथं त्यांना कुणी विचारत नव्हतं. फांद्या तोडून आणल्या, लावल्या, जगल्या. वरचं सगळं जळून गेलं तरी खालून तेच झाड येतं. पहिल्या हिवाळ्यापुरती मातीची भर देते मी, पुढे ज्याचं त्यानं बघायचं. आता मी कुणाला गुंडाळत बसत नाही. आणि मलाही कुणी गुंडाळून न्यायचं नाही."

मुलगा उठला. रागावला होता की नाही, ते सांगता आलं नसतं. कोटाची बटणं लावताना एक चुकलं, ते त्यानं पुन्हा सोडून लावलं.

"पोरीला घेऊन ये," काकू म्हणाल्या. "फुलं येतील तेव्हा आण."

"तिला इथला वारा सोसणार नाही."

"माझी नात आहे. सोसेल."

तो पायऱ्या उतरून गाडीकडे गेला. गाडीचा आवाज उतारावर विरत गेला तोपर्यंत दोघी आपापल्या जागी बसून होत्या.

मग सून उठली. कप धुतले, पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"बोल," काकू म्हणाल्या. "काहीतरी गिळून बसलीयेस."

"आई, बंदरावरच्या मोठ्या पंपघरात मला बोलावलंय. वरची जागा आहे." तिची पाठ काकूंकडेच होती. "मी हो म्हटलंय. तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं."

वाऱ्यानं खिडकीच्या काचा वाजल्या.

"केव्हा?"

"पुढच्या महिन्यात." सून वळली. तिचे डोळे भरले होते. "आज तो तुम्हाला घेऊन जाईल, मग मला मोकळं जाता येईल, असं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? तो पायरीवर दिसला तेव्हा मला बरं वाटलं. आणि तुम्ही तर... माझ्यासाठी त्याला असं परत पाठवलंत. अजून तो फार लांब गेला नसेल. फोन करते, बोलावते परत."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्या चक्क रागावल्या.

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी नाही म्हटलं मी, असं वाटलं होय तुला?"

सुनेनं हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"अगं, तुझ्यासाठी म्हणून इथं राहायला मी काय तुझी राखणदार आहे? मला इथं राहायचंय म्हणून मी राहते. तू चंद्रावर गेलीस तरी राहीन." त्या उठल्या, मफलर गळ्याभोवती आवळला. "जा तू. चांगली जागा आहे, सोडू नकोस. आणि तिकडे गेल्यावर माझी काळजी करत बसलीस तर याद राख."

दार आपटून त्या बाहेर गेल्या.

सुनेनं खिडकीतून पाहिलं. काकूंनी फावडं मातीत रोवलं होतं, पण त्यावर पाय दिला नव्हता. दांड्यावर दोन्ही हात ठेवून त्या उतारावरच्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. वारा त्यांच्या कोटाला मागे ओढत होता आणि त्या जागच्या हलत नव्हत्या.

सुनेनं कामाचे हातमोजे चढवले, मागच्या दाराजवळचं दुसरं फावडं घेतलं आणि बाहेर आली.

"त्या टोकापासून सुरू कर," काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "उद्या जमीन घट्ट झाली तर काही खरं नाही. बुंध्याला लागू देऊ नकोस."

दोघी दोन टोकांनी भर देत आत सरकू लागल्या. माती करकरत होती, ढेकळं पडत होती. उजेड कमी होत गेला, समोरच्या घरात दिवा लागला, पडदा पुन्हा एकदा हलला. मधल्या झुडपाशी दोघींची फावडी एकमेकांना लागली, तेव्हा काकू थांबल्या. धाप लागली होती.

"तिचं नाव काय ठेवलंय?" त्यांनी विचारलं. "पोरीचं. कधी विचारलंच नाही मी. आज विचारायचं म्हटलं, तर तेही राहिलं."

सुनेला ते माहीत होतं. तिनं मातीकडे पाहत ते सांगितलं.

काकूंनी ते एकदा हलकेच म्हणून पाहिलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, लांब कुणाला तरी हाक मारावी तसं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि शेवटचं ढेकूळ त्यांनी टाचेनं दाबून बसवलं.