ढालकरी थांबेलच

...उजवा हात मनगटापासून गेलेला, ढाल मात्र शाबूत, नखाएवढी, प्लास्टरची, कडेला खडबडीत. खणात मेणाच्या पट्ट्यांखाली हा कधी येऊन पडला कोण जाणे. कवळ्यांचे साचे ओतून उरलेल्या प्लास्टरमधून त्यानेच एकेकाळी हे तिघं घडवले होते, जेवणाच्या सुट्टीत, मेण कोरायच्या सुरीने: ढालकरी, वैदू आणि चोरटी. आणि आता सकाळी साडेनऊला, कुणा म्हातारबाईंच्या वरच्या कवळीचे चौदा दात मेणात बसवायचे पडलेले असताना, तो नुसता त्या ढालकऱ्याकडे बघत बसला होता. कंटाळा आला होता. कामाचा नव्हे, कामाचा त्याला कधीच येत नसे. सगळ्याचाच.

अकरा वर्षं, दर शनिवारी दुपारी, ते चौघं खेळत आले होते. कुणाला सांगायची सोय नव्हती. एवढे घोडे झालात आणि राक्षस-राक्षस काय खेळता, म्हणून लोक हसायचे. त्याने गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्या तिघांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं, आणि जिथे जिवावर बेतेल तिथे सूत्रधाराने वीस बाजूंचा फासा टाकायचा: आकडा मोठा पडला तर माणूस वाचला, लहान पडला तर गेला. धाकटा भाऊ ढालकरी. औषधाच्या दुकानातला कंपाउंडर वैदू. खालच्या मजल्यावरची शिंपीण चोरटी, आणि काय चोरटी होती ती! झोपलेल्या राजाचा मुकुट पळवून डोक्यावर पातेलं ठेवून आली होती. त्या दिवशी इतके हसलो... धाकटा तर खुर्चीवरून खाली पडला होता.

एक नियम पहिल्याच वर्षी ठरला होता: जो आला नाही, त्याच्या माणसाचं काय करायचं ते हजर असलेल्यांनी ठरवायचं. एकासाठी सगळ्यांचा खोळंबा नको.

दीड महिन्यापूर्वीच्या त्या शनिवारी धाकटा आला नाही. वडिलांना ताप होता. आठ महिन्यांपूर्वी वडिलांची डावी बाजू गेली, तेव्हापासून ते धाकट्याकडेच. कारण आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि धाकटा एकटा, घरीच बसून नकाशे काढण्याचं काम करणारा... कारणं होती. एकही खोटं नव्हतं. आणि नेमकी त्याच दुपारी गोष्टीत दरीवरच्या दोरांच्या पुलापाशी लढाई जुंपली. मागून काळ्या चिलखतांची फौज, दोनशे तरी. पुढे पूल, पलीकडे मोकळं रान. कुणीतरी अलीकडे थांबून फौज अडवायची, बाकीच्यांनी पार होऊन दोर कापायचे. शिंपीण म्हणाली, "पण थांबायचं कोणी?" आणि मी— हो, मीच, कंपाउंडर नाही, शिंपीण नाही— चहाचा घोट घेऊन म्हणालो, "ढालकरी थांबेलच की. तो काय, नेहमीच थांबतो." ते इतकं उघड वाटलं की कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. फासा टाकायला हवा होता. सूत्रधाराच्या मुठीत होता, त्याने तो जरा खुळखुळवला आणि खाली ठेवून दिला. कंपाउंडरच्या वैदूने दोर कापले. ढालकरी पडला, आणि मेलेल्याचा कागद फाडायची रीत होती म्हणून त्याने धाकट्याचा कागद फाडला, ढालकऱ्याची सगळी कमाई आणि जखमा टिपलेला, अकरा वर्षांचा, कडा मऊ पडलेला.

आणि कहर म्हणजे संध्याकाळी फोन करून धाकट्याला हे सगळं रंगवून सांगितलं! एकट्याने दोनशे अडवलेस लेका, काय मरण दिलं तुला... शाबासकीची वाट बघत होतो मी.  मग धाकटा म्हणाला, "मला विचारायचं तरी होतं, दादा."

तेव्हापासून तो आला नाही. शिंपीण कंपाउंडरवर घसरली, दोर त्याच्या हातून कापले गेले म्हणून. कंपाउंडर म्हणाला, एका खोट्या माणसासाठी मला खुनी ठरवू नका. तोही यायचा बंद झाला. शनिवारी आता दुपार जाता जात नाही.

अकराच्या सुमाराला त्याच कंपाउंडरचा फोन आला. "अरे, तुझा भाऊ आला होता दुकानात, वडिलांचं औषध न्यायला. पार वाळलाय. एकच विचारत होता, त्या दिवशी फासा किती पडला?"

"मग?"

"म्हटलं, सूत्रधाराला ठाऊक. तू सरळ सांग, तीन पडला. फाशापुढे कुणाचं काय चालतं? मिटवून टाक बाबा आता."

तीन. किती सोपं होतं! तीन पडला, नशीब फुटकं, कुणाचाच दोष नाही, येत्या शनिवारी सगळे हजर... विचारांच्या नादात त्याने डावा सुळा उजवीकडे बसवला, लॅबच्या मालकांनी तो चिमट्याने उचलून दाखवला आणि म्हणाले, "आजींना चावायचंय हो, चकवायचं नाहीये." त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

रस्ताभर तो 'तीन' घोकत गेला. धाकट्याने दार उघडलं: खांद्यावर टॉवेल, दाढी वाढलेली, डोळे खोल. "बरा आलास. चादर बदलतोय, जरा धर त्यांना." त्याने वडिलांना दंडाला धरलं. "तिथे नाही, दुखतं. काखेत हात घाल." आठ महिन्यांत हे आपल्याला माहीत नव्हतं. वडील इतके हलके झालेत, हेही.

ओली चादर गोळा करताना धाकट्याने विचारलं, "फासा किती पडला होता?"

तीन जिभेवर होता.

"टाकला नव्हता."

"म्हणजे?"

"टाकलाच नाही. मला वाटलं, तू थांबशीलच."

आता हा ओरडेल, ओरडू दे, हातातली चादर तोंडावर फेकू दे... धाकट्याने चादर बादलीत टाकली, हात पुसले. "मी दमलोय, दादा," एवढंच म्हणाला. मग आतल्या खोलीच्या दारातून, "चारला पाणी पाज त्यांना. चमच्याने. घाई करू नकोस, ठसका लागतो." कॉट करकरली, आणि मिनिटभरात घोरणं सुरू झालं. माफ केलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

तो स्टुलावर बसला. वडिलांनी डोळे उघडले, खोलीभर फिरवले. "धाकटा?"

"झोपलाय."

वडिलांनी नजर त्याच्याकडे वळवली. मग वाकड्या ओठांतून, शब्द जुळवत, म्हणाले, "आणि तू... किती वेळ आहेस?"

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, अदबीने, याला उशीर व्हायला नको अशा काळजीने. पुढे काय होणार हे अकरा वर्षं सगळे ज्याला विचारत आले, त्याने नुसतं चादरीचं टोक सरळ केलं. मला लाज वाटत होती, भरचौकात वाटावी तशी. अंग दुखत होतं, पाणी पाजायला अजून तास होता, आणि तरी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.