बंद संगणकातला उजेड

रविवारी दुपारी सासूबाईंच्या घरी पोचलो, तर जिन्यातच चपलांनी वाट अडवली होती. आत दिवाणखान्यात माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, खिडक्यांचे पडदे ओढलेले आणि समोरच्या टेबलावर माझ्या दिवंगत मेव्हण्याचा संगणक. स्क्रीन काळी होती. चालू करायचं बटण कुणी दाबलेलं नव्हतं. तरीही कॅबिनेटच्या काचेआड गोल पंखे निळे उजळलेले होते आणि त्यांतल्या एकाचंही पातं हलत नव्हतं.

"पाहताय ना," संगणकाशेजारच्या खुर्चीतून उजेडबाबा म्हणाले, "यंत्र निजलंय. तेज जागं आहे."

खोलीभर उसासा पसरला. बाबांनी तो पसरू दिला आणि मग पुढे बोलायला लागले. "देह म्हणजे काय? हार्डवेअर. आत्मा म्हणजे काय? डेटा. हार्डवेअर बिघडतं, तेव्हा डेटा कुठे जातो?" त्यांनी बोट वर केलं. "क्लाउडमध्ये."

सगळ्यांनी वर पाहिलं. वर फक्त छत होतं आणि छताला ओल आलेली होती.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी माझ्या कानाशी लागले. "मीही विज्ञान शाखेचा आहे हो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण हे वेगळं आहे."

मी मान हलवली. जावयाच्या मताला सासरी पाहुण्यासारखं वागवतात. बसायला खुर्ची देतात, चहा विचारतात, पण मुक्कामाला ठेवून घेत नाहीत.

सभेची पद्धत सोपी होती. कुणीतरी उठून प्रश्न विचारायचा. बाबा एक हात कपाळाला लावायचे, दुसरा लांब अंगरख्याच्या खिशात विसावलेला असायचा. थोड्या वेळाने खालचे तीन पंखे रंग बदलायचे. हिरवा म्हणजे होय, तांबडा म्हणजे नाही. पांढरा आला तर प्रश्न नीट विचारून पुन्हा यायचं, जसं सरकारी कार्यालयात असतं. एका बाईंनी मुलीला नोकरी लागेल का विचारलं, हिरवा आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तर माझा मेव्हणा देत होता, असं सगळे मानत होते. हयातीत त्याने कुणाच्या नोकरीची चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

त्याला घरात सगळे धाकटाच म्हणायचे. कार्टून फिल्मसाठी चित्रं करायचा. हा संगणक त्याने सुटे भाग आणून, जेवणाच्या टेबलावर पसरून, स्वतः जोडला होता. गेल्या वर्षी रक्ताच्या आजारात गेला. सासूबाईंनी त्याची खोली होती तशी ठेवली. मध्यंतरी एकदा झाडताना त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाला लागला आणि बंद संगणकातले पंखे निळे उजळले. सासूबाई संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मग शेजारणीला बोलल्या. शेजारीण आणखी कुणाला बोलली आणि उजेडबाबा दारात हजर झाले.

बाबांनी येताना स्वतः सिद्ध केलेले तीन पंखे आणले. ते बसवायला ते दार लावून खोलीत एकटे गेले. काही वेळाने दाराखालून जळका वास आला. बाबा घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "एक दुष्ट शक्ती आडवी आली होती. जाळून टाकली." दुसऱ्या दिवशी नवे पंखे घेऊन ते परत आले, ते बसवून संगणक टेबलासकट दिवाणखान्यात आणवला, तेव्हापासून धाकटा बोलू लागला. आता तर धाकट्याची अख्खी खोली बाबांच्या 'प्रकाशकेंद्रा'ला द्यावी, असाही हिरवा कौल येऊन गेला होता.

माझी बायको, म्हणजे धाकट्याची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ गेल्यापासून तिने त्याच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं आणि त्याचा संगणकही नजरेआड राहील असंच ती बघायची. त्या दिवशीही ती दिवाणखाना टाळून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात गेली. मीही तिच्या मागोमाग गेलो. सासूबाई माठापाशी उभ्या राहून पाणी पीत होत्या. एक भांडं संपवून त्यांनी दुसरं भरलं.

बायकोने दूध काढायला फ्रीज उघडला आणि तशीच थांबली.

"आई, या इन्सुलिनच्या बाटल्या भरलेल्या कशा?"

"आता घेत नाही मी ते."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच. मी विचारलं, टोचून घेत राहू का. तांबडा आला."

"आई, अगं तुझी साखर किती चढली असेल. डॉक्टर काय म्हणाले होते आठवतं ना?"

"डॉक्टर बाहेरचे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तो माझ्या पोटचा."

बायकोने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मी येतोय, तोवर त्यांना एकटं सोडू नका. तिने फोन ठेवला, शेजारणीला बोलावून आईपाशी बसवलं, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल."

दिवाणखान्यात चहा फिरत होता. तिला पाहून बाबांनी दोन्ही हात पसरले. "ये ताई. भाऊ तुझीच वाट बघत होता."

ती संगणकासमोर उभी राहिली. काचेतून तिने आत पाहिलं. क्षणभर मला वाटलं, हीसुद्धा आता प्रश्न विचारणार, आणि तो खरा असणार. मग ती बाबांशेजारी बसली.

"बाबा, मला भीती वाटते. तुमचे हात हातात घेऊन विचारलं तर चालेल?"

एवढ्या माणसांपुढे बाबा नाही कसं म्हणणार? तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले आणि विचारलं, "धाकट्या, मी तुझी बहीण ना रे?"

पंखे निळेच राहिले. काहीच झालं नाही.

"आत्मा दमलाय," बाबा म्हणाले.

"एवढं सोपं तर विचारलंय. थांबते मी."

"माझं जरा नाक..."

"मी पुसतो," म्हणत बँक अधिकारी भक्तिभावाने रुमाल घेऊन पुढे आले. बाबांनी मान मागे घेतली. थोड्या वेळाने बायकोने त्यांचा उजवा हात सोडला. तो तडक खिशात गेला आणि खालचे तिन्ही पंखे हिरवे झाले.

"आला," कुणीतरी पुटपुटलं.

"हो," बायको म्हणाली, "हात सुटल्यावर आला."

ती उठली आणि तिने संगणकाची वायर भिंतीतून उपसून काढली. वरचे निळे पंखे मंद होत विझले. खालचे तीन मात्र हिरवेच राहिले. खोलीत कुजबूज झाली. बँक अधिकाऱ्यांनी हात जोडले. वीज नसताना दिवा लागलाय, याहून मोठा पुरावा कोणता? बाबांचा चेहरा मात्र भक्तांइतका उजळला नाही.

"बरं झालं," बायको म्हणाली. "वीज काढलीच आहे, तर आता उघडायलाही हरकत नाही."

"कॅबिनेट उघडू नका. तेज बाहेर पडेल."

"पडू दे. आधीच खोलीत अंधार आहे." आणि मला म्हणाली, "पडदे बाजूला कर."

मी पडदे सारले. उन्हात उजेडबाबा एकदम लहान दिसायला लागले. तिने संगणकाचं बटण दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जावी. मग अंगातली स्थिर वीज उतरवायला कॅबिनेटच्या धातूला हात लावला, टेबलाच्या खणातून पेचकस काढला आणि मागच्या बाजूचा पत्रा उतरवला. पत्र्यामागे चिकटपट्टीने लावलेली एक पॉवर बँक होती, मोबाईल चार्ज करायला प्रवासात नेतात तसलीच. तिच्यातून निघालेली वायर काडेपेटीएवढ्या एका डबीत गेली होती आणि डबीतून खालच्या तीन पंख्यांकडे.

बायकोने ती वायर काढली. हिरवा उजेड गेला. पुन्हा लावली. उजेड आला. डबीवर एक बारीक बटण होतं, ते ती दाबत गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत माझा मेव्हणा होय म्हणाला, नाही म्हणाला आणि प्रश्न नीट विचारून पुन्हा यायला म्हणाला.

"ही डबी रिमोटवर चालते," ती म्हणाली. "रेडिओच्या लहरी कापडातून आरपार जातात, त्यामुळे रिमोट खिशातून काढायचीही गरज नाही. काढा बाबा."

"तो माझ्या गाडीचा आहे."

"दाखवा," सासूबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही.

बाबांनी खिशातून रिमोट काढून टेबलावर ठेवला. सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः त्यावरचं एक बटण दाबलं. पंखे तांबडे झाले.

आता बँक अधिकाऱ्यांना एकाएकी विज्ञान शाखा आठवली. "पण ताई, वरचे निळे पंखे? ते तर बाबा येण्याआधीच लागले होते."

"लागणारच. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. पंखा फिरवायची वायर वेगळी आणि त्याच्या दिव्याची वायर वेगळी असते. म्हणून दिवा लागतो आणि पातं फिरत नाही. बंद असतानाही दिवे ठेवायचे की नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. त्याने ठेवले होते. त्याला अंधारात झोप यायची नाही. हे सगळं जोडताना टॉर्च धरून मी शेजारी उभी होते."

मग तिने काचेतून मदरबोर्डच्या कडेला बोट दाखवलं. तिथल्या चार पिनांपैकी एक वाकली होती आणि बुडाशी तपकिरी डाग होता.

"आणि ही ती दुष्ट शक्ती. या जागी बारा व्होल्ट असतात. बाबांच्या पंख्यांच्या दिव्यांना पाच लागतात. त्यांच्या प्लगला तीनच भोकं असतात, चौथं मुद्दाम बुजवलेलं, म्हणजे तो चुकीच्या जागी बसू नये. पाच व्होल्टचा प्लग तीन पिनांच्या जागी, प्लगवरच्या बाणाला बोर्डवरचा बाण जुळवून, अलगद बसतो. बसत नसेल तर समजायचं की जागा चुकली. यांनी जोर लावून बसवला आणि कॉम्प्युटर चालू केला. दिवे जळाले. मदरबोर्ड वाचला हे नशीब, नाहीतर आगसुद्धा लागली असती."

"म्हणजे दुष्ट शक्ती किती होती म्हणायची?" मागून कुणीतरी विचारलं.

"बारा व्होल्ट," मी म्हणालो. सासरी माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकलं गेलं.

बाबा उठले. "श्रद्धा असावी लागते," ते म्हणाले. "मी दुःखी माणसांना फक्त आधार देतो."

"आधार दिलात," बायको म्हणाली. "मग औषध का काढून घेतलंत?"

बाबांनी अंगरखा सावरला. रिमोट टेबलावरच ठेवून ते निघून गेले. माणसंही पांगली. नोकरीचं विचारणाऱ्या बाई जाताना मला म्हणाल्या, "तरी हिरवा आला होता, लागेलच ना नोकरी?" मी म्हणालो, मुलीने अभ्यास केला असेल तर लागेल. माझं उत्तर त्यांना फारसं आवडलं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी बोट टोचून साखर पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि इंजेक्शन भरलं. सासूबाईंनी हात पुढे केला नाही.

"म्हणजे तो काहीच बोलला नाही," त्या लेकीला म्हणाल्या.

"नाही आई."

"मी विचारलं होतं, शेवटी तुला त्रास झाला का. नाही म्हणाला होता."

बायको त्यांच्या पायाशी बसली. शेवटच्या रात्री इस्पितळात तीच होती. सासूबाईंना आम्ही घरी पाठवलं होतं.

"झाला आई. आदल्या दिवशी खूप झाला. मग डॉक्टरांनी औषध दिलं आणि त्याला झोप लागली. झोपेतच गेला. माझा हात धरून झोपला होता."

"हे मला कुणीच सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. सांगायचं धाडस मला झालं नाही."

सासूबाई रडल्या. वर्षभरात त्यांना असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि डॉक्टरांसमोर हात धरला.

दुसऱ्या दिवशी बायकोने पोलिसांत तक्रार दिली, औषध बंद करायला लावल्याची. बाबांनी गाव सोडलं. दुसरीकडे कुठेतरी त्यांचं केंद्र निघालं असेल, कारण पंखे सगळीकडे विकत मिळतात आणि दुःखी माणसंही सगळीकडे असतात.

म्हणून हे लिहितो आहे. दिवा कसा लागतो हे ठाऊक नसणं हा दोष नाही. मलाही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेल्या जागी कुणी देव, भूत किंवा मेलेलं माणूस आणून बसवलं, तर त्याला ती जागा उघडून दाखवायला सांगा. जो उघडू देत नाही, त्याचं ऐकून औषधाची एक गोळीही चुकवू नका. आणि गेलेल्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल, तर जे त्याच्या उशाशी बसले होते त्यांना विचारा. उत्तर कदाचित सुखाचं नसेल, पण खरं असेल.