साठापैकी पंचवीस

"पंचवीस म्हणजे नापासच की हो मॅडम!" मामा म्हणाले. "परीक्षेत निदान पस्तीस तरी लागतात."

महिनाभर खिशात बाळगून मऊ झालेला कागद त्यांनी सर्जन मॅडमच्या टेबलावर ठेवला. हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्के, एवढंच त्यांना त्यातलं कळलं होतं. तेवढ्यावरून आपलं पाऊण हृदय मेलं असं धरून गड्यानं आवराआवर सुरू केली होती. चांगले शर्ट वाटून टाकले, रेडिओ शेजाऱ्याला देऊन टाकला. शेजारी बिचारा रोज दार वाजवून विचारायचा, "मामा, नक्की ना?"

मॅडम हसल्या. "मामा, एकतीस वर्षं या हॉस्पिटलात काढलीत आणि हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? शंभर टक्के पंपिंग कुणाचंच नसतं. चांगल्या धडधाकट माणसाचंसुद्धा साठ-पासष्ट असतं. माझंही तेवढंच असेल."

"म्हणजे साठापैकी पंचवीस?"

"साठापैकी पंचवीस."

मामांनी बायकोकडे पाहिलं. मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "मी कधीची सांगतेय, नीट विचारून या. पण आमचं ऐकतो कोण! आता रेडिओ कुठल्या तोंडानं परत मागायचा?"

मामा म्हणजे या हॉस्पिटलचे न्हावी. बायपासच्या आदल्या दिवशी पेशंटच्या छातीवरचे आणि पायांवरचे केस काढायचे, हे त्यांचं काम. पायांवरचे कशाला, तर तिथलीच शीर काढून हृदयाला जोडतात. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि आता हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या म्हणून स्वारी स्वतःच पेशंट होऊन आली होती.

"खरं तेच सांगते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हृदयाचा बराच भाग मेलेला नाही. रक्त पोचत नाही म्हणून नुसता निपचित पडलाय. रक्त मिळालं तर उठेल. सगळा नाही, पण थोडा उठेल. मात्र इतक्या कमजोर हृदयाचे शंभर जण मी टेबलावर घेतले, तर सात-आठ जण त्यातून वाचत नाहीत. नुसत्या गोळ्यांवर राहिलात तर हा महिना सुखाचा जाईल, पण पुढची वर्षं कमी होतील. उद्याचं टेबल तुमच्यासाठी ठेवलंय. दुपारपर्यंत सांगा."

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. समोरून औषधांची ढकलगाडी गेली. ढकलणाऱ्या बाईंनी "काय मामा!" म्हणून हाक मारली, पण मामांचं लक्ष नव्हतं.

"सात-आठ म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "मी पाहिलेत ते. त्यांच्या छातीवरून हात फिरलाय माझा."

"आणि उरलेले ब्याण्णव? त्यांच्यावरून नाही फिरला?"

"ते घरी जातात गं. परत कशाला येतायत तोंड दाखवायला?"

"मग तुम्हीही जा घरी. नका येऊ परत."

तोंडाला तोंड देऊन बायकोपुढे जिंकल्याचं मामांना आठवतही नव्हतं. ते खाली बघत म्हणाले, "मला भीती वाटते."

"मला काय कमी वाटते?" मामी म्हणाली. "आपण दोघं मिळून घाबरू. पण सही करा."

मामांनी सही केली. वळणदार, एक अक्षरही न हलता. त्याचं त्यांनाच कौतुक वाटलं.

चार वाजता वॉर्डबॉय आला, ज्याला सगळे मौनीबाबा म्हणायचे. हा वॉर्डातला जुना माणूस, केस पिकलेला, कामाला वाघ. पण दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी. त्यानं पडदा ओढला आणि केस काढायचं मशीन सुरू केलं.

"हे काय? वस्तरा कुठाय?"

मौनीबाबानं भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. वस्तऱ्यानं बारीक कापतं, त्यातून जंतू शिरतात, म्हणून वस्तरा बंद.

"म्हणजे एकतीस वर्षं मी काय जंतू पेरत होतो?" मामा फणकारले. मशीन सरसर फिरायला लागलं. छाती उघडी पडली की गार लागतं, नजर कुठे ठेवावी कळत नाही, हे त्यांना आज कळत होतं. काम करताना ते स्वतः अखंड बोलायचे, आणि हा पठ्ठ्या तोंडात मिठाची गुळणी धरून!

छातीचं काम संपलं तेव्हा मौनीबाबानं मशीन थांबवलं आणि म्हणाला, "काही होत नाही, मामा."

हेच वाक्य मामांनी अकरा वर्षांपूर्वी एका मास्तरांना ऐकवलं होतं. त्यांचंही हृदय असंच कमजोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पलंगावर नर्स कोरी चादर घालताना दिसली. तेव्हापासून ते वाक्य मामांनी तोंडातून काढलं नव्हतं. आपण एका भल्या माणसाला शेवटचं खोटं बोललो, हे त्यांना आत कुठेतरी टोचत राहिलं होतं. आणि आज मौनीबाबाला यातलं ओ की ठो कळत नाही हे पक्कं ठाऊक असूनही त्यांना बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. मास्तरांनाही तेव्हा वाटलं असेल. डोळ्यांना धार लागली, ती त्यांनी पुसली नाही.

"पुन्हा एकदा म्हण रे," ते म्हणाले.

"काही होत नाही," मौनीबाबा म्हणाला आणि पायांकडे वळला.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. दोन दिवस घशात श्वासाची नळी होती, एकदा तापही येऊन गेला आणि मामीनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पंधराव्या दिवशी मामा घरी गेले. घरी म्हणजे लेकीच्या, तिचं घर तळमजल्यावर. स्वतःच्या तिसऱ्या मजल्यावर चढायची परवानगी मिळाली दीड महिन्यानं.

गेली दोन वर्षं हा जिना म्हणजे मामांना डोंगर होता. नशीब एवढंच, की मामीचे गुडघेही त्याच सुमाराला कुरकुरायला लागले होते. दर मजल्यावर ती कठडा धरायची, "थांबा हो जरा, गुडघे धरलेत माझे," म्हणायची. मग मामा तिच्यासाठी म्हणून थांबायचे आणि गुपचूप श्वास गोळा करायचे. तिला डॉक्टरकडे चल म्हणावं, तर तिला कधी वेळ नसायचा.

आज ते सावकाश, पण एकसारखे चढले. पहिला मजला गेला, दुसरा गेला. दम लागला, पण थांबावंसं वाटलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते ऐटीत वळले, म्हटलं ही अजून खालीच असेल. तर मामी दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन त्यांच्या मागच्याच पायरीवर उभी. कठड्याला हात नाही की काही नाही.

"अगं, तुझे गुडघे?"

"त्यांना काय धाड भरलीय?" मामी म्हणाली. "कुलूप काढा आधी. हात भरून आलेत माझे."