आभाराचा ठराव

चुनीलालबापूंनी तिसरा कागद चुरगाळून खाटेखाली टाकला आणि चौथा पुढे ओढला. 'प्रति,' एवढं झटक्यात लिहून झालं. त्याखाली 'मा. सरपंच' लिहायचं म्हटलं की पेन अडायचं.

पंधरा वर्षं ही ओळ त्यांनी रोज वाचली होती. अर्ज यायचे ते त्यांच्याच नावाने, त्यामुळे ती लिहायची पाळी कधी आली नव्हती. पद जाऊन नऊ वर्षं झाली, पण नाव काही गेलं नाही. न्हावी 'सरपंच' म्हणायचा, प्रकाशा तीर्थावरचे पुजारी 'सरपंच' म्हणायचे, लग्नपत्रिकांवर तसंच छापून यायचं. मधे दुसरे एक गृहस्थ पाच वर्षं सरपंच होऊन गेले, त्यांना बिचाऱ्यांना लोक शेवटपर्यंत नावानेच हाक मारत राहिले. बापूंना त्यात काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

गेल्या निवडणुकीत भुरीबाई सरपंच झाली. बापूंच्याच केळीच्या बागेत वीस वर्षं निंदणी केलेली बाई. निवडून आल्यावरही ती बापूंना 'सरपंच' म्हणायची आणि बापू तिला 'भुरी'. बापू पंचायतीत शिरले की ती खुर्चीवरून उठून भिंतीजवळच्या बाकावर जायची आणि बापू खुर्चीत बसायचे. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि असं करू नको म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं.

सून प्रतिभा चहा घेऊन आली. खाटेखालचे बोळे तिने पाहिले.

"जमत नही का बापू?"

"पहिलीच ओळ जमत नही," बापू म्हणाले.

ओट्यावर बापूंची बायको सरलाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उजव्या हाताने. एका शेंगेला बराच वेळ लागत होता, दाणे घरंगळून ओट्याखाली जात होते, पण त्या डाव्या हाताची मदत घेत नव्हत्या. बापू त्या हाताकडे बघत राहिले. हल्ली ते दिवसातून दहा वेळा तो हात बघायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट. बापू प्रकाशाला दर्शनाला गेले होते, मुलगा हेमकांत सुरतेला होता, आणि भरदुपारी सरलाबाई अंगणात कोसळल्या. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. प्रतिभाने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ती आलीही, पण गावाबाहेरच्या अरुंद फरशी पुलावर अडकली. ऊसतोडीचा हंगाम. समोरून उसाचे सहा-सात ट्रॅक्टर एकामागे एक पुलावर चढलेले. मागे कोण घेणार? ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते, एकमेकांच्या नावाने ओरडत होते. प्रतिभा खाली उतरून हात जोडत होती, तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

तेव्हा शेजारच्या कापसातून भुरीबाई आली. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कोण आहे ते तिने बघितलं आणि सरळ पहिल्या ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"मी ह्या गावनी सरपंच शे. ट्रॅक्टर मांगे ल्या."

तिच्या तोंडून हे वाक्य गावाने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. बहुतेक तिनेही नसेल. ड्रायव्हरने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिने तेच वाक्य पुन्हा, तितक्याच आवाजात म्हटलं. मग एकेक ट्रॅक्टर मागे सरकला. शहाद्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, वेळेत आणलंत म्हणून हात वाचला, नाही तर जिवाचीही खात्री नव्हती.

प्रतिभाने हे सगळं बापूंना सांगितलं होतं, त्या वाक्यासकट. तेव्हापासून बापूंना भुरीबाईचे आभार मानायचे होते, अगदी मनापासून. दोनदा तिच्या घराच्या वाटेवरून ते माघारी आले. एकदा केळीचा घड पाठवला, तर निरोप आला, "सरपंचना घरना घड शे, गोड ऱ्हाईच." तो निरोप ऐकून बापूंना जेवण गेलं नाही. ज्या शब्दाने सरला वाचली तो शब्द गाव अजून आपल्यालाच देत होतं, आणि आपण तो घेत होतो.

चौथ्या कागदावर बापूंनी पेन टेकवलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. टेबलामागे तीन खुर्च्या. एकीवर ग्रामसेवक नवनीत, मधल्या खुर्चीवर भुरीबाई, आणि तिसरी नेहमीप्रमाणे बापूंसाठी. बायका निंबाच्या सावलीत बसल्या होत्या. सरलाबाईंना प्रतिभाने तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. पाण्याचे, गटारीचे विषय झाले. शेवटी नवनीतने माइक उचलला.

"आता आपले सरपंच दोन शब्द बोलतील," असं म्हणून त्याने बापूंकडे पाहिलं.

भुरीबाईने सवयीने आपली खुर्ची बाजूला सरकवून त्यांना वाट करून दिली. बापू उठले. पण माइककडे न जाता टेबलाला वळसा घालून समोर आले आणि अर्ज घेऊन आलेला माणूस जिथे उभा राहतो, तिथे उभे राहिले.

"सरपंच, माइक आठे शे," नवनीत म्हणाला.

"नवनीतभाऊ, सरपंच तुमना बाजूले बठेल शेतस," बापू म्हणाले.

पटांगणात कुणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. भुरीबाई उठू लागली.

"बठा, सरपंचबाई." बापूंचा आवाज खाली गेला होता. घसा साफ करून ते पुन्हा मोठ्याने म्हणाले, "सरपंचबाई, मन्हा एक अर्ज शे."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. नवनीतने तो वाचून दाखवला. 'प्रति, मा. सरपंच' पासून सुरुवात होती. सरपंच भुरीबाई यांनी पुलावरचा रस्ता मोकळा करून दिला, सरपंच या नात्याने गावातल्या बाईचा जीव वाचवला, म्हणून ही सभा सरपंचांचे आभार मानते. अर्ज एवढासाच. भुरीबाई टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत होती. तिने पदराने तोंड पुसलं, मग डोळेही पुसले.

नवनीतने ठरावाचं रजिस्टर उघडलं. "सूचक..." म्हणत त्याचा हात सवयीने लिहून गेला. बापू वाकून बघत होते.

"खोड ते 'सरपंच'. चुनीलाल लिख."

नवनीतने खोडलं. मग त्याने मान वर करून सभेला विचारलं, "अनुमोदक कोण?"

ठरावाला दुसऱ्या कुणाचा तरी पाठिंबा लागतो, हे गावाला माहीत होतं. पण बापूंच्या घरच्या ठरावाला हात वर करायचा की भुरीबाईच्या, हे कुणाला कळेना. पुरुषांमध्ये चुळबूळ झाली. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं.

निंबाच्या सावलीतून एक हात वर आला. थरथरत, अर्धा, मग खांद्याच्याही वर. सरलाबाईंचा उजवा हात.

बापूंना तो धूसर दिसला. नवनीतने नाव लिहिलं आणि आता पुढे काय म्हणून भुरीबाईकडे पाहिलं. या वेळी तिच्याचकडे. ती खुर्चीत नीट सावरून बसली.

"ठराव मंजूर," ती म्हणाली. मग तिची नजर निंबाखाली गेली. "सरला माय, आते हात खाले कर. दुखाले लागी ना."