देवघरातली सुरई

"मेल्यांनी झिलईसुद्धा धड दिली नाही! बुडाशी तीन ठिकाणी कोरडीच. एवढी कसली घाई होती कोण जाणे."

जयंतीआजी मला ओल्या फडक्यानं पुसता पुसता पुटपुटत होत्या. ते तीन डाग त्यांनी नखानं खरवडूनही पाहिले.

मित्रांनो, मी एक जुनी जपानी सुरई आहे. माझ्या गावी मला तोक्कुरी म्हणतात. वीतभर उंची, अरुंद मान, गोल पोट. तांदळाची दारू कोमट करून माझ्यातून वाढतात. सध्या मात्र मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या एका मराठी घरात, देवघरात बाळकृष्णाशेजारी बसले आहे. हसू नका. मी तिथे आपल्या पायांनी गेले नाही.

आधी डागांचं सांगते. डोंगरातल्या एका कुंभारणीनं मला घडवलं. पहिली भाजणी झाल्यावर तिनं मला बुडाशी तीन बोटांत धरलं आणि उलटी करून झिलईच्या बादलीत बुडवलं. भाताच्या पेंढ्याची राख, दगडाची पूड आणि पाणी यांची ती झिलई, दिसायला ताकासारखी. तीन मोजेपर्यंत आत आणि लगेच बाहेर. जास्त वेळ राहिलं तर झिलई भट्टीत ओघळून भांडं फळीला चिकटतं, कमी राहिलं तर अंग खरखरीत राहतं. बोटं होती तिथे झिलई बसली नाही. ब्रशनं ती जागा झाकता आली असती. पण ती म्हणाली, "राहू दे. कुणीतरी धरलं होतं, ते दिसू दे." मग भट्टीची आग. राखेची काच झाली आणि माझ्या खांद्यावरून निळसर हिरवा ओघळ उतरून पोटाशी थांबला.

या घरचा कर्ता विश्वास चिप बनवणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. कामासाठी जपानला आला होता. निघताना तिथल्या सहकाऱ्यानं मला त्याच्या हाती दिलं, दोन छोट्या प्याल्यांसकट. एक रीतही सांगितली: आपला प्याला आपण भरायचा नाही. समोरच्याचा भरायचा, मग तो आपला भरतो.

सुरुवातीची वर्षं छान गेली. विश्वास आणि त्याची बायको मंजूषा मला शोकेसमध्ये मिरवायचे. पाहुणे माझा ओघळ पाहून "वा!" म्हणायचे. पुढे काय बिनसलं ते मला ठाऊक नाही. मातीच्या भांड्याला कोण सांगतं? येनेव्हर नावाची इथली दारू दिसायला अगदी पाण्यासारखी असते. विश्वास ती माझ्यात भरून ठेवू लागला आणि एकटाच ओतून घेऊ लागला. आधी शनिवारी, मग रोज. एक प्याला कधी फुटला ते त्याच्या लक्षातही आलं नाही. एकट्याला दुसरा प्याला लागतच नव्हता.

मंजूषाला माहीत होतं. म्हणून तर पाऊस असो, वारा असो, ती आठ वर्षांच्या लेकीला, मृण्मयीला, पोहण्याच्या क्लासला सायकलवरून न्यायची. दारात गाडी उभी असायची, पण ती चालवायचा विश्वास. "गाडीनं का नाही?" असं विश्वासनं कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी विश्वासची आई, म्हणजे जयंतीआजी, पुण्याहून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उचललं. बूच पाहिलं. "यात काय रे?"

"गंगाजल," विश्वास पटकन म्हणाला. "ऑफिसमधल्या एकानं आणलंय."

"अरे, मग शोकेसमध्ये काय ठेवलंस?" आजींनी मला कपाळाला लावलं आणि देवघरात नेऊन ठेवलं. कोविडपासून त्यांना वास येत नाही. नाहीतर गोष्ट तिथेच संपली असती.

मग विश्वास रोज संध्याकाळी म्हणायचा, "आई, दिवा मी लावतो." दिवा लागायचा आणि माझं बूचही निघायचं. आजी फोनवर बहिणीला कौतुकानं सांगायच्या, "शोभा, विश्वास रोज देवापाशी जातो गं!" ओट्याशी मंजूषाची सुरी फरसबीवर थांबायची आणि पुन्हा चालू लागायची.

रविवारी सत्यनारायण ठरला. आदल्या दिवशी विश्वासनं मला उचलून सिंकपाशी नेलं. उलटी केली की काम झालं असतं. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग मला काठोकाठ भरून जागेवर ठेवलं.

पूजा झाली. आरती झाली. प्रसाद वाटायच्या आधी आजी म्हणाल्या, "थांबा, आज सगळ्यांना गंगाजल देते." माझ्या मानेत पळी शिरेना, म्हणून त्यांनी मलाच हातात घेतलं.

मित्रांनो, या घरात कुणीतरी मला पहिल्यांदाच दुसऱ्यासाठी वाकवत होतं.

पहिला तळवा शेजारच्या अंबरीशचा. त्यानं घोट घेतला. डोळे विस्फारले. विश्वासकडे पाहिलं, हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणाला, "छान झाली पूजा, काकू." दुसरा मंजूषाचा. तिनं नवऱ्यावर नजर ठेवूनच ते गिळलं. विश्वास भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा माझ्या त्या तीन डागांसारखा कोरडा पडला होता.

"आता माझी टर्न! आजी, फुल्ल भरून दे हं," मृण्मयीनं दोन्ही हातांची ओंजळ केली.

"घे गं बाई, चांगली ओंजळभर घे."

भांड्याला ओरडता येत नाही. येत असतं तर एवढंच म्हटलं असतं, मला धुऊन पुसून जपता, तसं एकमेकांनाही वेळेवर धरा रे. मी वाकले. घशाशी आलेला पहिला थेंब माझ्या ओठावर लोंबू लागला. मंजूषाचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

तेवढ्यात लेकीच्या ओंजळीवर विश्वासचा पालथा पंजा पडला. थेंब त्याच्या हातावर सांडला.

"अरे, असं काय करतोस? देवाचं आहे ते!"

"नाही, आई." त्यानं माझ्या बुडाशी हात घातला. बोटं नेमकी त्या तीन जागांवर आली. त्यांनी मला सोडलं नाही.

"तिला देऊ नकोस. दारू आहे ती. मी रोज पितो, आई. मला थांबता येत नाहीये."