टबातल्या मासळीनं ऐकलेलं इंग्रजी

मी कार्प मासळी बोलतेय. म्हणजे तिचा उरलेला एक खवला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जनावरांना वाचा फुटते, असं आमच्या पोलंडात म्हणतात. माशांना मात्र वाचा नसते, असंही तीच माणसं म्हणतात. जिवंत होते तेव्हा गप्प राहिले. आता मला कोण अडवतंय?

तळ्याच्या चिखलात मी तीन हिवाळे काढले. मग जाळं आलं, मग बाजारातला हौद, मग ग्राझिना नावाच्या बाईची पिशवी. नाताळच्या ताटात ताजी मासळी हवी, म्हणून दोन दिवस आधीच तिनं मला आंघोळीच्या टबात सोडलं. नळाच्या पाण्याला गंजाचा वास. ती मला बघताक्षणी आवडली नाही. तिलाही मी आवडले नाही.

"बघतेस काय, जाडे? सासूबाईंसारखं नुसतं तोंड हलवतेस," म्हणाली.

त्या घरात आतून कडी लागणारी खोली एकच, हे न्हाणीघर. ग्राझिना आत यायची, गरम नळ सोडून आरशावर वाफ धरायची आणि बोटानं इंग्रजी लिहायची. बाहेर जाताना सगळं पुसायची. इंग्लंडात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी तिला हवी होती. नाताळच्या आदल्या सकाळी तिथली बाई फोनवर तिचं इंग्रजी तपासणार होती. नवऱ्याला, झेनॉनला, याचा पत्ता नव्हता. पत्ता होता तो मला, आणि मला तो नको होता.

"आपल्याकडे सगळं करायचं," ती माझ्यावरच डाफरायची, जणू इंग्रजी मीच काढलं. "स्वयंपाक करायचा, धुणं करायचं, विसावाही करायचाच. यांचं बघ. जेवण 'मेक', धुणं 'डू', आणि ब्रेक म्हणे 'टेक'."

मग घोकायची. मेक डिनर. डू द वॉशिंग. मेक अ ब्रेक. आणि स्वतःच्याच कपाळावर चापट. जेवण आणि धुणं तिच्या जिभेवर लगेच बसलं. विसावा बसेना. कुठून बसणार?

दारावर झेनॉनची थाप. "माशाशी संसार मांडलास काय गं? माझा चहा कुठाय?"

"तुझे हात गहाण पडलेत का?"

"बसू दे रे तिला," सासू लेओकाडिया म्हणायची. "मासे आणि पोरं, यांना आवाज नसतो. सुनाही त्यातच धराव्यात."

फोन आला तेव्हा ग्राझिना टबाच्या काठावर बसली. एवढं इंग्रजी ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं. पलीकडच्या बाईनं विचारलं, दिवसभर काय काय करतेस? ग्राझिना सुटलीच. अंथरुणं, धुणं, बाजार, जेवण. एक शब्द चुकला नाही.

"आणि दमल्यावर?"

बाहेरून सासू ओरडली, "कोबी करपला." झेनॉन म्हणाला, "मासा मेला की नाही अजून?"

"आय मेक अ ब्रेक," ग्राझिना म्हणाली.

मी आनंदानं शेपटी आपटली. बुडाली, म्हटलं. पण पलीकडून उत्तर आलं, जानेवारीत ये.

मला मारायचं काम झेनॉनचं. त्यानं लाकडी हातोडा बायकोच्या हातात दिला आणि बाल्कनीत सिगारेट ओढायला गेला. ग्राझिनानं एकाच घावात संपवलं. तेवढं तिचं मान्य करते.

जेवताना तिनं सांगून टाकलं. झेनॉनच्या हातातला काटा हवेतच राहिला. "मग इथं स्वयंपाक, धुणं, बाजार?"

"आपल्या भाषेत सगळ्याला एकच शब्द आहे ना? मग करा."

सासूचं तोंड हलत राहिलं. आवाज आला नाही.

खवला पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा येतो म्हणे. तेव्हापासून मी तिच्या पाकिटात. मी कसला पैसा आणतेय? इंग्लंडात ती परक्या म्हाताऱ्यांना टबात बसवते, त्यांच्याशी गोड बोलते. माझ्याशी कधी गोड बोलली होती? दुपारी घरामागच्या बाकावर चहा घेऊन बसते आणि मला बाहेर काढून म्हणते, "आय टेक अ ब्रेक, जाडे." आता बरोबर म्हणते. म्हणो.

नवा नाताळ आला की नवा खवला येईल आणि मला फेकतील. ग्राझिना, फेकशील तेव्हा पाण्यात फेक. नळाच्या नको. तळ्याच्या.