मागच्या कालव्याचा बांध

वस्तीतल्या घरांची दारं एकामागून एक अडायला लागली, तेव्हा सुताराला बरे दिवस आले. आज हिची चौकट तिरकी झाली, उद्या त्याची खिडकी लागेना. हा आपला रंधा काखोटीला मारून घरोघर फिरायचा. "जमीन खचतेय म्हणून आपली चूल पेटतेय," असं तो हसत हसत म्हणायचा. त्याच्या बायकोला मात्र हसू यायचं नाही. दारं का अडतात हे तिला पुरतं ठाऊक होतं.

ती पाणीखात्याच्या नकाशाच्या खोलीत कामाला होती. वस्तीत तिला सगळे नकाशाबाई म्हणत, थोडं कौतुकानं आणि थोडं टोमण्यानं.

वस्ती होती दलदलीच्या काठावर. ही दलदल म्हणजे साधासुधा चिखल नव्हता. हजारो वर्षं झाडं पाण्यात पडत गेली, पाण्याखाली धड कुजलीही नाहीत, आणि त्यांचाच काळा भुसभुशीत थर साचत गेला. पीट म्हणतात त्याला. ओला आहे तोवर तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो. वाळला की आकसतो, खाली बसतो, आणि कुठे ठिणगी पडलीच तर आतल्या आत जळत राहतो. घरं बांधताना पायाखाली कोरडं व्हावं म्हणून कुणीतरी वस्तीच्या मागे लांबलचक कालवा खणला होता. तो कालवा वर्षानुवर्षं दलदलीचं पाणी गुपचूप ओढून नदीत सोडत होता.

हे पाणी नकाशाबाई वरून बघायची. उपग्रह ठरावीक दिवसांनी डोक्यावरून जाई आणि रडारच्या लहरी खाली सोडी. ढग असोत की धूर, त्या लहरींना आडकाठी नसे. ओल्या जमिनीवरून त्या जोरात परतत, कोरडीवरून क्षीण. मागच्या फेरीशी ताडून पाहिलं की जमीन केवढी खाली बसली तेही कळे. दलदलीत जागोजागी नळ्या पुरल्या होत्या. त्यांच्यातलं पाणी मोजून संगणकाच्या पडद्यावरचं चित्र खरं की खोटं हे ती तपासत असे. काम तिला मनापासून आवडायचं.

त्या वर्षी पाऊस पार लांबला. पडद्यावर दलदलीचा मधला भाग फेरीगणिक काळवंडत गेला, आणि एके दिवशी तिच्या मॅडमनी तिला आत बोलावलं.

"यंदा बांध एकच घालता येईल," मॅडम म्हणाल्या. "कुठे घातला तर जास्तीत जास्त पीट भिजेल, तेवढं काढून दे."

तिनं काढलं. मग पुन्हा काढलं, कारण पहिलं उत्तर तिला नको होतं. दुसऱ्यांदाही तेच आलं. मागच्या कालव्याचं नदीकडचं तोंड बांधलं तर सबंध दलदल भिजत होती. बाकी कुठेही बांधलं तर निम्मी कोरडीच राहत होती. पण तोंड बांधलं की पाणी वस्तीच्या जोत्यांना लागणार होतं. पडद्यावर वस्ती म्हणजे काही उजळ ठिपके होते. त्यातला कडेचा ठिपका तिचं घर.

"मॅडम, हे दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "मी तिथे राहते."

"माहीत आहे मला." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसऱ्याला दिलं तरी नकाशा हाच येईल. फक्त उशिरा येईल. तोवर आत आग धरली तर?"

इकडे आड, तिकडे विहीर. तिनं नकाशा दिला आणि घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं.

ते कुलूप सांभाळणं सोपं नव्हतं. जेवताना सुतार म्हणे, "पावसाळ्यानंतर मागे एक खोली काढू या. आईला वेगळी होईल." सासूबाई म्हणत, "मला कशाला खोली? तुझी फळकुटं ठेव तिथे." दोघं नकाशाबाईकडे बघत, आणि ती ताटातला घास उगाच चाळवत बसे. सुतार एकदा विचारता झाला, "तब्येत बरी नाही का?" ती म्हणाली, "ऑफिसात काम फार आहे." ते खोटंही नव्हतं.

बांधाचं सामान यायच्या आधीच धूर आला. कालव्यापलीकडची जमीन पेटली होती. ज्वाळा कुठे दिसत नव्हत्या. मातीच्या भेगांतून पिवळट धूर निघे आणि वस्तीवर येऊन बसे. लोकांनी दारं-खिडक्या मिटल्या, फटींत ओली फडकी कोंबली. रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. नकाशाबाईचं ऑफिस बंद ठेवलं. सुतार लाकूड आणायला गावात गेला होता तो तिथेच अडकला, कारण मधला रस्ता धुरानं बंद झाला होता. घरात उरल्या सासू आणि सून.

दुपारी सासूबाई न्हाणीघरात गेल्या आणि तिथेच अडकल्या. जमीन बसली होती, चौकट दाबली गेली होती, दार जाग्यावरून हलेना.

"अगं, ओढ की जरा!"

"ओढतेय आई. तुम्ही आतून ढकला."

"ढकलून ढकलून हात दुखले माझे. वरच्या झरोक्यातून धूर येतोय."

नकाशाबाईनं खांदा लावला, लाथ मारली. दार ढिम्म. तिनं सुताराच्या पेटीतून पटाशी आणि हातोडा आणला आणि चौकटीच्या फटीत पटाशी घुसवली. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"आई, टॉवेल भिजवा आणि नाकातोंडाला धरा. खाली बसा. बोलू नका."

"बोलले नाही तर मेले असं वाटेल तुला. तू बोल. काहीही बोल, पण बोलत राहा."

काय बोलावं ते तिला सुचेना. हातोडा चालत होता, लाकडाच्या ढलप्या उडत होत्या, आणि तिच्या तोंडून जे इतके दिवस आत दाबलं होतं तेच बाहेर पडलं. "आई, मागच्या कालव्यावर बांध घालणार आहेत. पाणी आपल्या घरात येणार. ती जागा मी काढून दिलीय. माझ्याच नकाशावरून ठरलंय सगळं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

तिचा हातोडा थांबला.

"आई?"

"ऐकलं," दारापलीकडून घोगरा आवाज आला. "आधी मला बाहेर काढ. मग बुडव."

नकाशाबाईला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. तिनं पटाशी बिजागरीखाली घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. बिजागरी निखळली, दार कलतं झालं, आणि त्या फटीतून सासूबाई अंग चोरत बाहेर आल्या. चेहरा काळवंडला होता, लुगड्याचा पदर ओलाचिंब. भिंतीला टेकून त्या बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या.

"ही आग पाण्यानं विझेल?" त्यांनी विचारलं.

"खालून पाणी वर चढलं तर विझेल. वरून ओतून नाही विझत."

"आणि घर?"

"घर ओलं होईल. राहील, पण ओलं."

सासूबाईंनी मान डोलावली आणि ओल्या पदरानं तोंड पुसलं.

नवऱ्याला मात्र हे सहज गिळता आलं नाही. रस्ता उघडल्यावर तो आला, मोडलेलं दार पाहिलं, सगळी हकीकत ऐकली. आईच्या पाठीवरून हात फिरवला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "मी खोली काढायचं बोलत होतो तेव्हा तू जेवत होतीस. समोर बसून जेवत होतीस." तो ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

बांध झाला. कालव्याचं पाणी तुंबलं, दलदलीत पसरलं, हळूहळू वर चढलं. धूर विरळ होत गेला आणि एका सकाळी आभाळ स्वच्छ दिसलं. पडद्यावर काळवंडलेला मधला भाग उजळला. ऑफिसात टाळ्या झाल्या. ती घरी परतली तेव्हा उंबऱ्याशी पाणी होतं.

काही कुटुंबं सामान आवरून गेली. उरलेल्यांना जायला जागा नव्हती, आणि असली घरं विकत घेणारही कोण? सुतारानं पलंगाखाली ओंडके लावले, जमिनीवर फळ्या टाकल्या, शेजाऱ्यांच्या घरांतही टाकून दिल्या. मग त्यानं गावातल्या एका लाकूडकामाच्या कारखान्यात काम धरलं आणि रात्री तिथेच झोपायला लागला. "येण्याजाण्यात वेळ जातो," म्हणे. सासूबाईंना सुनेनं गावात खोली बघू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर कोंडून घेऊ? इथे पाय ओले होतात, पण जीव तरी कोंडत नाही."

तिनं बदलीचा अर्ज केला. मॅडमनी तो परत दिला. "वस्तीच्या कडेला एक नळी बसवायची आहे," त्या म्हणाल्या. "तू तिथेच राहतेस, तेव्हा तुझ्याच अंगणात बसवू. रोजचं मोजमाप मिळेल." त्यांचा आवाज नरम होता, आणि त्या म्हणत होत्या त्यात काही चूक नव्हतं. तेच जास्त अवघड होतं.

नळी अंगणात आली. आता रोज सकाळी गमबूट घालून ती खाली उतरे, नळीचं झाकण काढी, फीत आत सोडी. आजूबाजूच्या खिडक्यांतून लोक बघत. बांधाची जागा तिनंच काढून दिली हे एव्हाना वस्तीभर झालं होतं; कुणी हाक मारत नसे. पूर्वी रोज दूध मागायला येणारी शेजारीण तिला पाहून खिडकीचं दार ओढून घेई.

एका सकाळी मात्र ते दार उघडंच राहिलं.

"किती?" शेजारणीनं विचारलं.

नकाशाबाईला आधी कळेचना की हा प्रश्न आपल्यालाच आहे.

"कालपेक्षा बोटभर वर," ती म्हणाली.

शेजारणीनं मान हलवली. मग आत वळून कुणाला तरी म्हणाली, "धान्याची पिंपं माळ्यावर चढव." आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी नकाशाबाईनं फीत वर काढली, तेव्हा दोन खिडक्या उघड्या होत्या.